पदग्रहणाआधी वाचायचे पत्र

प्रिय सचिव,

सप्रेम नमस्कार.

१ जुलैला क्लबचे दप्तर तुझ्याकडे येईल आणि पुढच्या ३० जूनला ते दुसऱ्याच्या हाती जाईल. रोटरी असो वा लायन्स, सेवाभावी क्लबांचे वर्ष असेच चालते. पदग्रहणाच्या दिवशी अध्यक्ष नव्या योजना जाहीर करतील आणि त्या व्हायलाच हव्यात. पण ज्यांच्यासाठी आपण हे सगळे करतो, त्यांचे दिवस आपल्या वर्षाच्या हिशेबाने चालत नाहीत. साठवलेल्या तांबड्या पेशी ३५ दिवस टिकतात, पिशवीतले द्रावण वेगळे असेल तर ४२. प्लेटलेट्स जेमतेम ५ दिवस. पुरुष रक्तदात्याला पुन्हा रक्त द्यायला ९० दिवस थांबावे लागते, स्त्रीला १२०. मोतीबिंदू काढलेल्या आजीला चष्म्याचा नंबर मिळायला महिना-दीड महिना जातो. वर्षाची आखणी करताना हे आकडे समोर ठेव. जागतिक दिनांची यादी घेऊन केलेली आखणी प्रांतपालांच्या (क्लबांच्या विभागप्रमुखांच्या) अहवालात शोभते, रुग्णालयाच्या मात्र फारशी उपयोगी पडत नाही.

रक्तदान शिबिराचेच बघ. १४ जून (जागतिक रक्तदाता दिन) आणि १ ऑक्टोबर (राष्ट्रीय स्वेच्छा रक्तदान दिन) या दोन दिवसांभोवती सगळीकडे शिबिरे भरतात, रक्तपेढीचे शीतकपाट भरून जाते आणि महिन्याभरात त्यातल्या पिशव्यांची मुदत संपत येते. तिकडे मे महिन्यात कॉलेजे बंद, औद्योगिक वसाहतींतले कामगार गावी, घरोघरी लग्ने, वर उकाडा; दाते मिळत नाहीत. बाळंतपणे, अपघात आणि वरचेवर रक्त चढवावे लागणारी थॅलेसेमियाची मुले मात्र सुट्टीवर जात नाहीत. पावसाळ्यात डेंग्यू वाढला की प्लेटलेट्सची धावपळ सुरू होते. म्हणून तारीख ठरवण्याआधी बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) रक्तपेढीत किंवा तुम्हाला जवळ पडेल त्या रक्तपेढीत जाऊन विचार: तुम्हाला कधी लागते, किती लागते, कोणता गट कमी पडतो? दीडशे पिशव्यांच्या एका मोठ्या शिबिरापेक्षा वर्षात चाळीस-चाळीसची चार शिबिरे मला अधिक मोलाची वाटतात, आणि त्यातले एक मेमध्ये असलेच पाहिजे.

शिबिर लहान ठेवायला आणखी एक कारण आहे. ५० ते ७० पिशव्या तीन तासांत घ्यायच्या तर नियमाप्रमाणे एक डॉक्टर, सहा ते आठ खाटा सांभाळणाऱ्या दोन परिचारिका, तीन तंत्रज्ञ, दोन समाजसेवक आणि दोन मदतनीस लागतात. म्हणजे तासाला वीसएक दाते. उद्घाटन साडेनऊला, प्रमुख पाहुणे साडेदहाला आणि मग एकदम ऐंशी माणसे रांगेत, असे झाले की सकाळी नाश्ता करून आलेला माणूस खाटेवर जाईपर्यंत उपाशी झालेला असतो. चक्कर येते ती अशांनाच. अर्ध्या तासाला दहा नावे अशा वेळा वाटून दे. उद्घाटन करायचे तर पहिली खाट सुरू झाल्यावर, दात्यांच्या बाजूला उभे राहून, दोन मिनिटांत.

तारीख घेताना पंचांग बघ. श्रावणातल्या रविवारी आपल्याकडे बायकांचे आयताराचे पूजन असते, सोमवारी निम्म्या फोंडा तालुक्याचा उपास. उपाशी माणसाचे रक्त घेत नाहीत. कुंडई किंवा मडकईच्या कारखान्यात शिबिर असेल तर रात्रपाळी करून न झोपता आलेल्या कामगाराला प्रेमाने घरी पाठव. लांब पल्ल्याच्या ट्रक-बस चालकांना पुढच्या फेरीच्या आधी २४ तास रक्त देता येत नाही, तेव्हा त्यांची पाळी आधी विचारून घे.

सभागृह तळमजल्याचेच हवे. पंखे चालू आहेत का, हात धुवायला नळ आहे का, वीज गेली तर जनरेटर कोण आणणार, हे आदल्या दिवशी स्वतः जाऊन बघ. डॉक्टरांच्या टेबलाला पडदा लावायचाच. तिथे दात्याला अगदी खासगी प्रश्न विचारतात: दारू, औषधे, लैंगिक संबंध, कावीळ, वर्षभरात गोंदवलेले टॅटू. शेजारी क्लबचा माणूस वही घेऊन उभा असेल तर गावातला तरुण खरे उत्तर देत नाही. नुकताच झालेला संसर्ग काही दिवस तपासणीतही सापडत नाही, आणि असे रक्त पुढे कुणाला तरी चढते. त्याच कारणाने किमती भेटवस्तू देऊ नये आणि वाड्यावाड्यांत चढाओढ लावू नये. भेटीच्या मोहाने किंवा भिडेपोटी आलेला माणूस आजार लपवतो. नंतर रक्तपेढी कुणाला परत बोलावून घेते, कशासाठी, हे क्लबने कधीही विचारायचे नाही.

आता हिमोग्लोबिनच्या टेबलाशी थोडा वेळ उभी राहा. काही ठिकाणी अजून निळ्या मोरचुदाच्या पाण्यावर तपासतात. बोट टोचून आलेला थेंब त्या पाण्यात सोडतात. थेंब झपकन तळाला गेला तर हिमोग्लोबिन १२.५ ग्रॅम किंवा त्याहून वर. वर तरंगला किंवा मध्येच घुटमळला तर कमी. यंत्र असेल तर आकडाच दिसतो. इथून परत जाणाऱ्यांत बायका अधिक असतात. नटूनथटून, मनाची तयारी करून आलेली बाई "तुमचे चालत नाही" एवढे ऐकून खाली मान घालून निघते, आणि आपण पुढच्या नावाला हाक मारतो. हे थांबव. या टेबलापाशी एक अनुभवी महिला सदस्य बसव. १२ ते १२.५ मधल्या बाईला सांगायचे, की तुम्हाला आजार नाही, फक्त दान करण्याइतका साठा आज नाही. १२ च्या खाली असेल तर नाव, फोन आणि आकडा वहीत घ्यायचा, तिच्या परवानगीने, आणि त्याच आठवड्यात तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवायचे. गोळ्या सुरू झाल्यावर तीन महिन्यांनी पुन्हा फोन. माझ्या मते रक्तदान शिबिरातून गावाला मिळणारी ही सर्वांत मोठी गोष्ट आहे, आणि ती अहवालाच्या कुठल्याच रकान्यात येत नाही.

वजन ४५ किलोच्या वर असेल तर ३५० मिली, ५५ च्या वर असेल तर ४५० मिली घेता येते. रक्त देऊन झाल्यावर दाता ताडकन उठतो आणि म्हणतो, मी ठीक आहे. चक्कर बहुधा उठल्यावर किंवा शौचालयात येते, म्हणून एक धडधाकट स्वयंसेवक तिथल्या दाराशी आणि एक पायरीपाशी ठेव. कुणी पांढराफटक पडला, घाम फुटला तर बसवायचे नाही. तिथेच आडवे करून पाय उंच करायचे आणि डॉक्टरांना हाक मारायची. सगळे स्कूटरवर आलेले असतात, तेव्हा पंधरा-वीस मिनिटे बसवून ठेवणे हे खाण्याच्या टेबलाचे काम. कोकम सरबत, केळे, पाव आणि पातळभाजी दिली की माणूस आपसूक बसतो. बंद डब्यातला खाऊ दिला तर तो हातात घेऊन निघून जातो.

डोळ्यांच्या शिबिराबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिथे चुका एकाच जागी होतात. गावात तपासणी करायची, शस्त्रक्रिया रुग्णालयातच. तपासणीला गर्दी होते, फोटो निघतात, चाळीस जणांना मोतीबिंदू सांगितला जातो आणि प्रत्यक्ष ऑपरेशनला निम्मेही पोचत नाहीत. कुणाची साखर वाढलेली असते, कुणाला खोकला असतो, कुणाचा मुलगा बोटीवर किंवा आखातात आणि घरी संमतीला कोणी नाही. पुष्कळदा फक्त गाडी नसते. एका रुग्णामागे निदान चार फेऱ्या धर: ऑपरेशनला नेणे, दुसऱ्या दिवशी पट्टी काढायला, आठवड्याने तपासणीला आणि शेवटी चष्म्याच्या नंबराला. आधी या चार फेऱ्यांची गाडी आणि डिझेल ठरव, मगच शिबिर जाहीर कर. ऑपरेशननंतर डोळ्यात थेंब कोण घालणार हे नावानिशी लिही. एकट्या राहणाऱ्या आजीची शेजारीण लिही, तिचा फोन लिही. प्रत्येक सदस्याकडे दोन रुग्ण, त्याहून अधिक नको. आणि चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधीच्या पंधरवड्यात ऑपरेशनची तारीख देऊ नकोस. गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधायची असताना घरातले कोणीच रुग्णालयात थांबणार नाही, आणि आजी स्वतःही नाही म्हणेल.

रुग्णसाहित्य उसने देण्याचे काम तुम्ही सुरू करणार आहात असे कळले. फार चांगले काम आहे, पण यात वस्तू विकत घेणे हा सगळ्यांत सोपा भाग. वॉकर देताना त्याची उंची लावून द्यायची: माणूस सरळ उभा राहून हात सैल सोडल्यावर मनगटाची घडी जिथे येते, तिथे मूठ यायला हवी. उंच झाला तर खांदे आखडतात, खाली झाला तर म्हातारा माणूस पुढे वाकून तोल घालवतो. चारही पायांखालची रबरी टोपणे उलटी करून बघ. खाचा झिजून गुळगुळीत झालेले टोपण पावसाळ्यात ओल्या लादीवर सर्रकन घसरते, आणि मांडीच्या हाडासाठी दिलेला वॉकर दुसरे हाड मोडतो. टोपणे स्वस्त मिळतात. दोन डझन कपाटात असू देत. हवेच्या गादीचा पंप आणि नळ्या प्रत्येक वेळी परत आल्यावर रात्रभर चालवून बघायच्या, कारण बारीक गळती तासाभरात कळत नाही. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारे यंत्र) डॉक्टरांनी मिनिटाला किती लिटर हा आकडा लिहून दिल्याशिवाय द्यायचा नाही. त्याची जाळी दर आठवड्याला धुवून, पूर्ण वाळवून बसवायची. बाटलीतले पाणी उकळून गार केलेले किंवा डिस्टिल्ड. सत्तरी-सांगेकडे पावसात वीज तासन्‌तास जाते, तेव्हा सोबत भरलेले सिलिंडर दिल्याशिवाय यंत्र त्या घरात सोडू नये. अनामत थोडीच घे, पण घे. वस्तू परत येते ती त्यामुळे. आणि घरातले माणूस गेले असेल तर साहित्य मागायला तेरावा झाल्याशिवाय फोन करू नये.

पैशाची बाब थोडक्यात. लोकांकडून उपक्रमासाठी गोळा केलेला पैसा वेगळ्या खात्यात, सदस्यांची वर्गणी वेगळ्या खात्यात; लायन्समध्ये हा नियमच आहे आणि कुठल्याही क्लबने तो पाळावा. जेवण, पदग्रहणाचा मंडप, हार-शाली हे वर्गणीतून. देणगीवर आयकर सवलतीची पावती द्यायची असेल तर दोन हजारांवरची रोख देणगी घेऊ नये, देणाऱ्याला सवलत मिळत नाही आणि खजिनदार तोंडघशी पडतो.

आता सदस्य. हे सगळे कोण करणार, तर दिवसभर दुकान, शाळा, दवाखाना सांभाळून आलेली तीस-चाळीस माणसे. त्यांच्या संध्याकाळी हीच क्लबची खरी शिल्लक आहे, ती जपून खर्च कर. सभा साडेसातला सुरू झाली की नऊला संपली पाहिजे, हजेरीला कितीही माणसे असोत. जत्रांचा हंगाम आला की आपले निम्मे सदस्य नाटकांच्या तालमींना बसतात. त्यांना गैरहजर म्हणून टोचू नकोस, त्या काळात मोठा उपक्रमच ठेवू नकोस. प्रत्येकाने सगळ्या उपक्रमांना यावे ही अपेक्षा सोडून दे. एकाने वर्षात दोन कामे पूर्ण तडीला न्यावीत, एवढे पुरे. नव्या सदस्याला पहिल्या महिन्यात खुर्च्या मांडायला न लावता नाव असलेले काम दे: हे दोन रुग्ण तुझे, ही वॉकरची वही तुझी. ज्याच्या हाती काहीच नसते तो वर्षाच्या आत गळतो.

एखादा सदस्य लागोपाठ तीन सभांना आला नाही तर गटावर संदेश टाकू नकोस, घरी जा. वर्गणी थकली असेल तर बहुतेक वेळा धंदा मंदावलेला असतो किंवा घरात आजारपण असते, आणि लाजेने माणूस येणे बंद करतो. अशा वेळी हप्ते ठरवून द्यावेत. ही गोष्ट अध्यक्ष, खजिनदार आणि तू, एवढ्यांतच राहावी. गावाच्या आजाऱ्याला खाट पोचवणाऱ्या क्लबला आपल्याच सदस्याच्या घरची खाट माहीत नसावी, हे मला सहन होत नाही.

पुढच्या आठवड्यात दोन फोन कर. पहिला रक्तपेढीला, मेमधली तारीख आत्ताच मागून घ्यायला. दुसरा मावळत्या सचिवांना: ऑपरेशन झालेल्यांपैकी चष्मा कुणाचा राहिला, कमी हिमोग्लोबिनच्या कोणत्या बाईला फोन करायचा आहे, कोणते साहित्य कुणाच्या घरी आहे. ते उत्तर वहीच्या पहिल्या पानावर तारखांसह लिहून घे, आणि जून आला की तसेच पान पुढच्या सचिवासाठी तयार कर. अध्यक्षांना नवी योजना जाहीर करू दे. हे पान मात्र पदग्रहणाआधीच्या बोर्ड मीटिंगमध्ये वाचून दाखव आणि प्रत्येक ओळीपुढे एका सदस्याचे नाव घाल.

कळावे, लोभ असावा.

तुझा,
क्लबातला एक जुना सदस्य