मंत्र 'पाठ' करायचा की 'जागवायचा'?

धुळ्याहून एका विद्यार्थ्याने विचारलंय : 'आम्ही मित्र डंजन्स अँड ड्रॅगन्स हा कल्पित पात्रं वठवण्याचा खेळ मराठीतून खेळतो. त्यातला जादूगार सकाळी पोथी उघडून मंत्र मेमराइज करतो, त्याला मी "पाठ करतो" म्हणालो, तर सगळे अडले. पाठ झालेला मंत्र एकदा म्हटला की डोक्यातून जातो कसा?'

मित्रांचं खरं आहे. पाठ झालेले पाढे म्हातारपणीही जात नाहीत. 'मुखोद्गत'चंही तेच. 'सिद्ध करणे' तर त्याहून उलटं, सिद्धी ही कायमची कमाई.

या खेळातलं सगळं 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाल्या टॉल्किनकडून आलं असं बरेच जण धरून चालतात. ऑर्क नावाचे राक्षसी सैनिक त्याचे, यात वाद नाही. जादूचा हिशेब मात्र जॅक व्हान्स या अमेरिकन लेखकाचा. त्याच्या १९५० च्या 'द डाइंग अर्थ' या पुस्तकातला मॅझिरियन एवढा मोठा मांत्रिक, पण त्याच्या डोक्यात एका वेळी चार जबर मंत्र मावतात, किंवा सहा हलके. उच्चारला की मंत्र पुसला जातो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी १९७४ मध्ये हा खेळ काढला, तेव्हा हीच रीत उचलली. खेळाला ती फार सोयीची, कारण जादूला आपोआप लगाम बसतो आणि कोणता मंत्र राखून ठेवायचा याचा विचार करावा लागतो. खेळातल्या 'व्हेक्ना' या दुष्ट मांत्रिकाचं नावही 'व्हान्स'ची इंग्रजी अक्षरं उलटसुलट करून केलेलं आहे.

आता आपल्याकडे या. आमच्या अमळनेरकडे विंचू उतरवणारे एक आजोबा होते. ग्रहण लागलं की ते बोरी नदीत छातीभर पाण्यात उभे राहून जप करायचे. का, विचारलं की म्हणायचे, 'मंतर जागता ठेवनं पडस.' (विंचू चावला तर दवाखानाच गाठावा. इथे मला त्यांचा शब्द हवा आहे.) मंत्र त्यांना पाठच होता, तरी तो निजतो, म्हणून वेळोवेळी 'जागवायचा'. व्हान्सच्या कल्पनेच्या इतका जवळचा शब्द मला दुसरा दिसत नाही. व्हान्सचा मंत्र पुसला जातो, आपला निजतो, एवढा फरक मी चालवून घेईन. 'भारणे' मात्र ताईत, तलवार अशा वस्तूंसाठी राखून ठेवा.

तुम्ही २०१४ चे नियम वापरत असाल तर थोडं बदलतं. त्यात मंत्र डोक्यातून जात नाही, खर्च होतो तो 'स्लॉट', म्हणजे मंत्र वापरायच्या मोजक्या संधींपैकी एक. त्याला मी 'आवर्तन' म्हणेन. गिरणेच्या कालव्यावर शेती असणाऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही : शेत तेच, पाटही तोच, पण सुटलेलं पाणी वापरून संपलं की पुढच्या आवर्तनाची वाट पाहायची.

म्हणजे जुन्या नियमांनी खेळताना, 'पहाटे पोथी उघडली, दोन मंत्र जागवले.' नव्या नियमांनी, 'मंत्र येतो, पण आवर्तन संपलं.' येत्या डावात म्हणून पाहा, मित्र अडतात का ते कळवा.