रात्री साडेदहानंतरचे हेडफोन

प्रश्न : ताई, नमस्कार. माझं वय 53. दिवसभर नोकरी असते, त्यामुळे गाणं ऐकायला वेळ मिळतो तो रात्री साडेदहानंतर, पलंगावर उशीला टेकून. शेजारी पत्नी झोपलेली असते. सध्या ब्लूटूथचे साधे हेडफोन वापरतो. दोन महिन्यांपूर्वी एका मित्राकडे सेनहायझरचे एचडी 800 एस कानाला लावले आणि पंधरा मिनिटं जागचा हललो नाही. माझंच नेहमीचं खयालाचं रेकॉर्डिंग होतं, पण तानपुरा गायकाच्या मागे, वेगळ्या जागी बसलेला ऐकू आला. तेव्हापासून तो आवाज मनातून जात नाही. पैसे साठवलेले आहेत, कर्ज काढायचं नाही. पण विकणारा म्हणतो, हे 300 ओहमचे आहेत (म्हणजे विजेला अडथळा जास्त), त्यांच्या तोलाचा अ‍ॅम्प्लिफायर घेतला नाही तर पैसे पाण्यात. मुलगी म्हणते, बाबा, या वयात तुम्हाला वरचं काही ऐकूच येत नसणार, मग कशाला? पत्नी काही बोलत नाही, पण तिच्या गप्प राहण्याचा अर्थ मला कळतो. घेऊ की नको? आणि एक किरकोळ शंका. हल्ली ऐकून झाल्यावर थोडा वेळ कानात बारीक शिट्टी वाजते. ती जुन्या हेडफोनमुळे असेल का? चांगले घेतले तर जाईल का?

उत्तर : शिट्टीपासून सुरुवात करते, कारण बाकी सगळं त्यानंतरचं आहे. ऐकून उठल्यावर कान वाजतात तेव्हा बहुतेक वेळा कारण एकच असतं : आवाज कानाला झेपेल त्याहून मोठा होता, किंवा फार वेळ चालला. आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या सुमारे 15,000 केसपेशी असतात. त्या जन्माला येताना मिळतात तेवढ्याच, मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. शिट्टी थोड्या वेळाने थांबते, म्हणून आपण निर्धास्त राहतो आणि दुसऱ्या रात्री पुन्हा तिथेच येतो.

जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब लक्षात ठेवा : 80 डेसिबल असेल तर आठवड्याला 40 तास ऐकणं सुरक्षित, 90 डेसिबल असेल तर फक्त 4 तास. तुम्ही रोज एक तास ऐकता असं धरलं आणि आवाज 90 च्या घरात असला, तर आठवड्याचा कोटा चौथ्या रात्रीच संपतो. चांगल्या हेडफोनने हा धोका कमी होत नाही, उलट वाढू शकतो. स्वच्छ आवाज मोठा असला तरी मोठा वाटत नाही. हे मी स्टुडिओत रोज बघते. साध्या हेडफोनवर आवाज फाटायला लागला की माणूस आपोआप बटण मागे घेतो. उत्तम हेडफोनवर तो फाटतच नाही, आणि हात पुढेच सरकत राहतो.

तेव्हा आधी कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन श्रवणचाचणी करून घ्या. ती 250 पासून 8,000 हर्ट्झपर्यंत (म्हणजे सेकंदाला तेवढी कंपनं) होते आणि वेळही फारसा घेत नाही. मोठ्या आवाजाने इजा झाली असेल तर आलेखात बऱ्याचदा 4,000 हर्ट्झच्या आसपास खड्डा दिसतो. शिट्टी एकाच कानात असेल, किंवा थांबतच नसेल, तर चार दिवससुद्धा थांबू नका. ही शंका किरकोळ नाही, म्हणून एवढं लांबवलं.

मुलीचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. वय वाढतं तसं ऐकणं वरच्या टोकाकडून कमी होत जातं. पण पियानोची सगळ्यात वरची पट्टी 4,186 हर्ट्झवर वाजते, त्यावर जे असतं ते उपस्वरांचं, म्हणजे मूळ स्वराबरोबर आपोआप उमटणाऱ्या वरच्या स्वरांचं राज्य. समजा तुम्हाला 12,000 हर्ट्झपर्यंतच ऐकू येत असेल, तर त्यापुढचं 20,000 पर्यंतचं जे गेलं ते एक सप्तकसुद्धा भरत नाही. तानपुऱ्याची जवारी, गायकाने सम गाठण्याआधी घेतलेला श्वास, बायाँवर मनगट घासत जातं तो आवाज, हे सगळं तुमच्या हातात आहे. वय हे हेडफोन न घेण्याचं कारण होऊ शकत नाही, हे तिला माझ्या नावाने सांगा.

आता खरी अडचण. तुम्हाला ज्यांनी भुरळ घातली ते हेडफोन ओपन-बॅक आहेत, म्हणजे बाहेरची बाजू जाळीची. सेनहायझरनेच 1968 मध्ये एचडी 414 आणून ही पद्धत लोकांपर्यंत नेली. पडद्यामागची आवाजाची लाट डबीत कोंडत नाही, त्यामुळे आवाज मोकळा वाटतो. त्यातही एचडी 800 एसचा 56 मिलिमीटरचा ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा भाग, कानापासून थोडा दूर आणि तिरका बसवलेला आहे. तुमचा तानपुरा मागे जाऊन बसला त्यात याचा मोठा वाटा आहे. पण जाळीतून जे मोकळं होतं ते खोलीत येतं. मायक्रोफोनसमोर उभ्या असलेल्या गायकाला मी कधीच ओपन-बॅक देत नाही, कारण त्याच्या कानातला ठेका गळून थेट मायक्रोफोनमध्ये शिरतो. मायक्रोफोन फूटभर अंतरावर असतो. तुमची पत्नी तुमच्यापासून किती अंतरावर झोपते, ते तुम्हीच बघा. त्या गप्प आहेत त्यामागे पैसे असतील असं तुम्ही धरून चालला आहात. एकदा विचारून तर बघा, कदाचित त्यांना झोपेचीच काळजी असेल.

उलट बाजूही आहे : ओपन-बॅकमधून बाहेरचं सगळं आत येतं. पंखा, रस्ता, शेजारच्यांचा टीव्ही. ते झाकायला आवाज वाढवावा लागतो, आणि आपण पुन्हा शिट्टीपाशी येतो.

पंधरा मिनिटांबद्दल माझा अनुभव सांगते. काही वर्षांपूर्वी एक प्लेनर पद्धतीचे हेडफोन मी दहा मिनिटं ऐकून घेतले. पातळ पडद्यावर वाहक पट्ट्या छापलेल्या आणि त्याच्या अंगाला चुंबकांची रांग, अशी त्यांची रचना. खर्ज असा, की तानपुऱ्याची चौथी तार छेडल्यावर ती थरथरत विझते तो सगळा प्रवास मोजता यावा. पहिला आठवडा मी हवेत होते. तिसऱ्या आठवड्यात लक्षात आलं, की चाळिसाव्या मिनिटाला मी ते काढून मान चोळते आहे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवले, 640 ग्रॅम भरले. आवाजात काही खोट नव्हती, तरी सहा महिन्यांत कपाटात गेले. ते पैसे आजही डाचतात. एचडी 800 एस केबल सोडून 330 ग्रॅम आहेत, म्हणजे त्या मानाने हलके, पण उशीला टेकल्यावर मागचं सगळं गणित बदलतं. तुम्ही चष्मा लावत असाल तर त्याच्या काडीखाली कुशन उचललं जातं. बंद प्रकारच्या हेडफोनमध्ये एवढ्या फटीतून खर्ज निघून जातो. ऐकताना दोन्ही तळव्यांनी कप हलकेच दाबून बघा : खर्ज वाढला, तर समजा फट आहे.

पंधरा मिनिटांत आणखी एक फसगत होते. कान कमी आवाजाला खर्ज कमी ऐकतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 मध्येच हे मोजून दाखवलं. दोन हेडफोनांपैकी जो जरासा मोठा वाजतो तो आपल्याला भरदार आणि ‘चांगला’ वाटतो. मित्राकडे आवाज कुठे ठेवला होता हे तुम्हाला आठवणार नाही, कुणालाच आठवत नाही. म्हणून माझी एक जुनी सवय सांगते : आधी नुसत्या बोलण्याचं रेकॉर्डिंग लावा आणि बोलणारा माणूस समोरच्या खुर्चीत बसून बोलतोय असं वाटेल इतकाच आवाज ठेवा. दुसऱ्या हेडफोनवरही तसंच करा. मग गाणं लावा.

अ‍ॅम्प्लिफायरचं थोडक्यात. विकणाऱ्याने भीती जरा जास्त घातली आहे. या हेडफोनना 1 व्होल्ट दिला की 102 डेसिबल आवाज निघतो. फोनला किंवा लॅपटॉपला जोडायचे बोटभर लांबीचे डॅक (डिजिटल गाण्याचं हेडफोनला लागणाऱ्या विद्युत संकेतात रूपांतर करणारं उपकरण) मिळतात, त्यांतले बरेच 1 व्होल्ट देतात. गाण्याची सरासरी पातळी शिखरापेक्षा 15 ते 20 डेसिबल खाली असते असं धरलं, तरी बटण पूर्ण उघडल्यावर 82 ते 87 डेसिबल होतात. तुमच्या कानांना त्याहून जास्त लागू नये. एखादं फार हळू मुद्रित केलेलं जुनं रेकॉर्डिंग कमी पडेल, तेव्हा साधा अ‍ॅम्प्लिफायर घ्या. ‘तोलाचा’ म्हणजे हेडफोनच्याच किमतीचा, असा अर्थ काढू नका.

किमतीवरून आठवलं. जेरोन ब्रेबार्ट या संशोधकांनी 2017 मध्ये 283 हेडफोन मोजले. कुठल्या स्वराला किती जोर मिळतो याचा आलेख आणि किंमत यांच्यात त्यांना म्हणण्यासारखा संबंध सापडला नाही. याचा अर्थ महागड्यात काहीच नसतं असा मी काढत नाही. मोकळेपणा, सुटे भाग मिळणं, दहा वर्षांनी नवी कुशनं बसवता येणं, हे त्या आलेखात दिसत नाही आणि त्याला किंमत आहे. पण किंमत बघून आवाजाचा अंदाज बांधू नका.

आता घेऊ की नको. आज नको. आधी चाचणी, आणि पुढचे दोन आठवडे आवाज ‘समोरच्या खुर्चीतल्या माणसा’च्या पातळीवर. शिट्टी थांबते का ते बघा. मग मित्राकडून ते हेडफोन सात रात्रींसाठी मागून आणा. मित्र आहे, नाही म्हणणार नाही. पहिल्या रात्री पत्नी जागी असताना, दिवा मालवून, तिला तिच्या जागी पडायला सांगा आणि तुम्ही नेहमीसारखं ऐका. तिला काय काय ऐकू येतं ते ती सांगेल. दुसऱ्या रात्रीपासून दुसऱ्या खोलीत खुर्ची टाकून बसून बघा.

सातव्या रात्रीही तुम्ही आपणहून त्या खुर्चीकडे गेलात, तर घ्या, बिनदिक्कत घ्या. तीन रात्रींनंतर पुन्हा पलंगावर आलात, तर तुमची जागा तीच आहे, आणि तिथे चांगले, हलके, बंद प्रकारचे हेडफोन तुम्हाला जास्त गाणं ऐकवतील. तानपुरा इतका मागे बसणार नाही, हे खरं आहे आणि मलाही त्याची हळहळ वाटते. पण तो रोज रात्री बसेल.

चाचणीचा आलेख आला की 4,000 हर्ट्झचे दोन्ही कानांचे आकडे मला लिहून पाठवा. डॉक्टर काय म्हणाले तेही लिहा. हेडफोनचं आपण त्यानंतर ठरवू.