रीफर विजेवर गेले, तर लेकीने काय शिकावं?

प्रश्न : फैजपूरजवळ माझं डिझेल इंजिन दुरुस्तीचं गॅरेज आहे. केळीच्या रीफर (थंड ठेवणाऱ्या) कंटेनरचे जेनसेट, म्हणजे डिझेल जनरेटर, आणि थंड मालाच्या गाड्यांवरची कूलिंग युनिटं माझ्याकडे येतात. लेक यंदा दहावी झाली, ७४ टक्के. तिला या कामाची आवड आहे. आयटीआयच्या मेकॅनिक डिझेलला टाकावं, वर्षात मोकळी होईल, असं माझं मत. पण मुंबईकडचे ड्रायव्हर सांगतात, आता ही युनिटं बॅटरीवर येणार. मग तिला या धंद्यात घालू का? शिवाय पोरीच्या जातीला रात्री-अपरात्री हायवेवरचं काम, हेही मनात येतं.
(एक पालक, ता. यावल)

भाऊ, लेकीला याच धंद्यात घाला. फक्त मेकॅनिक डिझेलला नको, रेफ्रिजरेशनला घाला.

तुमच्याकडे दोन वेगळ्या वस्तू येतात, त्यांच्यापासूनच सुरुवात करू. न्हावाशेवा बंदराला जाणारा केळीचा कंटेनर आजही विजेवरच चालतो. कॉम्प्रेसर, पंखे, कंट्रोलर, सगळं ४४० व्होल्टच्या थ्री फेजवर. जहाजावर तो जहाजाच्या लाइनला लागतो, बंदराच्या यार्डात प्लगला. रावेरपासून बंदरापर्यंतच्या पाचएकशे किलोमीटरमध्ये त्याला लाइट द्यायची, एवढ्यासाठी तुमचा जेनसेट. म्हणजे डिझेल तिथे आधीपासूनच फक्त मधला भाडेकरू आहे.

ट्रेलरवरचं कूलिंग युनिट वेगळं. त्यात स्वतःचं छोटं डिझेल इंजिन असतं आणि तेच कॉम्प्रेसर फिरवतं. गाडीचं इंजिन बंद करून ड्रायव्हर धाब्यावर झोपला तरी ते धडधडत राहतं. ड्रायव्हर म्हणतात तो बदल आहे तो इथे. आता हिशेब करू. असं युनिट ताशी साधारण दोन ते तीन लिटर डिझेल पितं. एवढं लहान इंजिन एका लिटरमधून कॉम्प्रेसरच्या दांड्यापर्यंत जेमतेम तीन युनिट (लाइट बिलातलं युनिट, म्हणजे किलोवॅट-तास) काम पोचवतं, बाकी सगळं सायलेन्सर आणि रेडिएटरमधून जातं. डिझेल नव्वद रुपये धरलं तर ते एक युनिट तीस रुपयांना पडलं. महावितरणचं बिल हातात घ्या आणि लाइनवरचं युनिट केवढ्याला पडतं ते शेजारी लिहून बघा. मालक लोक पर्यावरणासाठी बदलोत न बदलोत, या आकड्यासाठी नक्की बदलतील.

पण ते एकदम होणार नाही. अडीच लिटर ताशी म्हणजे तासाला सात-आठ युनिट काम. ५० युनिटची बॅटरी सहा-सात तासांत रिकामी. त्यात भुसावळचा मे महिना. बाहेर ४५ अंश आणि आत १३ ठेवायचे, म्हणजे कॉम्प्रेसरला उसंतच नाही. म्हणून पहिला बदल साधा असेल: लोडिंगला उभी असताना गाडी प्लगला लावायची. त्यासाठीची स्टँडबाय मोटर, म्हणजे लाइनवर कॉम्प्रेसर फिरवणारी, पुष्कळ कूलिंग युनिटांत आजही असते. पॅकहाउसवर, जिथे माल पॅक करून भरतात तिथे, थ्री फेजचं सॉकेट नसतं म्हणून ती पडून राहते. दुसरा बदल म्हणजे ट्रेलरच्या एक्सलवर जनरेटर. कसारा घाट उतरताना ब्रेकमध्ये तापून वाया जाणारी ताकद तो बॅटरीत भरतो. पूर्ण बॅटरीवरची युनिटं आधी शहरातल्या दूध-आइस्क्रीमच्या छोट्या गाड्यांवर येतील, लांब पल्ल्याला सगळ्यात शेवटी. कॅलिफोर्निया राज्याने २०२२ मध्ये नियम केले तेव्हा त्यांनीही ट्रकवरच्या युनिटांनाच टप्प्याटप्प्याने बिनधुराची सक्ती केली. ट्रेलरवरच्यांना धूर आणि थंडाव्याच्या गॅसच्या मर्यादा कडक केल्या, डिझेल काढून टाकायला लावलं नाही. तेव्हा तुमचं गॅरेज उद्या बंद पडत नाही, याबद्दल निश्चिंत राहा.

लेकीची गोष्ट मात्र तीस-चाळीस वर्षांची आहे. कॉम्प्रेसर कोण फिरवतो हे त्या काळात दोनदा बदलेल. केळीला काय लागतं हे बदलणार नाही. तुमच्या भागात हे मी सांगायला नको: घड कापला तरी केळ श्वास घेतं, स्वतःची उष्णता सोडतं. १३-१४ अंशांच्या खाली फार गेलं की साल काळवंडते; वर गेलं की एखादी फणी पिकायला लागते आणि तिच्या इथिलीनने, म्हणजे फळ पिकवणाऱ्या वायूने, सगळा कंटेनर मागे लागतो. दोन-तीन अंशांच्या त्या पट्टीत माल आखाती देशांपर्यंत धरून ठेवणं हे खरं कौशल्य, आणि ते इंजिनात नाही. ते गॅसचा दाब उतरवून थंडावा देणाऱ्या एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये आहे, सेन्सरमध्ये आहे, हवा कुठून फिरते यात आहे, ताज्या हवेची खिडकी किती उघडी ठेवली यात आहे.

थंडावा देणारा गॅसही बदलतो आहे. जुन्या युनिटांतला आर-४०४ए हवेत सुटला तर कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास चार हजार पट तापवतो. असे वायू कमी करण्याच्या आंतरराष्ट्रीय किगाली कराराला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली. २०२८ पासून आपल्याकडे अशा वायूंच्या वापराला मर्यादा येणार आणि २०३२ पासून कपात. गॅस हवेत न सोडता परत सिलिंडरमध्ये ओढून घेणारी, नवे गॅस सुरक्षित हाताळणारी माणसं लागतील. आज आपल्याकडे किती जण नळी सैल करून गॅस सरळ सोडून देतात, ते तुम्ही पाहता.

आता प्रवेशाचं. आयटीआयत रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंगचा ट्रेड दोन वर्षांचा आहे. एक वर्ष जास्त जाईल, जाऊ द्या. फॉर्ममध्ये पसंती भरण्याआधी तो कुठल्या आयटीआयत आहे ते पाहा आणि तिथे स्वतः जाऊन या. वर्कशॉपमध्ये चालू प्लांट आहे का, मुलं स्वतः ब्रेझिंग (नळ्यांची जोडणी) करतात का, व्हॅक्यूम पंपाला हात लावतात का, हे शिकणाऱ्या मुलांनाच विचारा. हा ट्रेड मिळाला नाही तर इलेक्ट्रिशियन, तोही दोन वर्षांचाच. नंतर वर्षभर अप्रेंटिसशिप कोल्ड स्टोरेज किंवा रीफर सर्व्हिसच्या ठिकाणीच करू द्या, पंखे-फ्रिजच्या दुकानात नको. पुढे शिकायची इच्छा झाली तर दोन वर्षांच्या आयटीआयवर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाचा रस्ता उघडा आहे.

डिझेल ती तुमच्याकडे शिकेलच. तेवढी शिकवणी कुठल्या संस्थेत मिळणार नाही. तुम्ही स्वतः एक बदल पाहिला आहे: एप्रिल २०२० मध्ये गाड्यांच्या धुराचा बीएस-६ नियम आला आणि नुसत्या कानावर इंजिन ओळखणाऱ्यांनाही स्कॅनर हातात घ्यावा लागला. ज्यांनी घेतला ते टिकले. तिच्या हातात कान आणि मीटर दोन्ही राहू द्या. मीटर मात्र शिस्तीने. बॅटरीच्या युनिटांत कित्येक शे व्होल्टचा डीसी असतो. लाइन तोडली, कुलूप लावलं, मीटरने शून्य पाहिलं, मगच हात, ही सवय पहिल्या दिवसापासून हवी. इंजिन चुकीला बोट तोडतं, हा डीसी माणूस नेतो.

रात्रीच्या हायवेबद्दलची तुमची काळजी खरी आहे, ती मी उडवून लावत नाही. पण काम विजेकडे सरकलं की जागाही सरकते. रस्त्यात बंद पडणारं बहुतेक वेळा इंजिनच असतं: फिल्टर, बेल्ट, पंप. प्लग, चार्जर, कंट्रोलरचं काम पॅकहाउसवर, डेपोत, बंदराच्या यार्डात होतं, ठरल्या वेळेला, छपराखाली. हायवेवरचे फोन थांबणार नाहीत. ते काही वर्षं तुम्हीच घ्या आणि सोबत तिला न्या.

निकालाची धामधूम संपेपर्यंत एक करा. पुढचा जेनसेट गॅरेजला आला की इंजिनाकडे वळण्याआधी तिला कंटेनरच्या कंट्रोलरचा डिस्प्ले वाचायला लावा: सेट केलेलं तापमान किती, आत येणाऱ्या हवेचं किती, परत जाणाऱ्या हवेचं किती, आणि तिन्ही फेजचा करंट क्लॅम्प मीटरवर किती. वहीत तारीख घालून लिहू द्या. दहा कंटेनर झाले की ती वही घेऊन दोघं मला भेटायला या. कुठल्या आयटीआयला पहिली पसंती द्यायची ते आपण बसून ठरवू.