कॉलेजात गाजलेला बास्केटबॉलपटू एनबीएत टिकला नाही, तर त्याचं पुढे काय होतं?

तुम्ही लिहिलंय की भाचा सहा फूट आठ इंच आहे, अमेरिकेतल्या एक-दोन कॉलेजांशी बोलणी चालली आहेत आणि घरात रोज वाद होतोय. मोठ्या मामांनी सिम भुल्लरचं नाव काढलं: "तो बघा, सात फूट पाच इंच उंच, कॉलेजात हिरो, आणि एनबीएत सोळा सेकंद खेळून संपला." तो खरंच संपला का, असं तुम्ही विचारताय.

नाही, संपला नाही. एनबीए म्हणजे अमेरिकेतली सर्वांत वरची व्यावसायिक लीग, आणि ती सुटल्यानंतरही तो कितीतरी वर्षं बास्केटबॉल खेळून पोट भरत होता. हे मी जरा तावातावाने सांगतेय, कारण मी स्वतः विद्यापीठाकडून सेंटर, म्हणजे रिंगजवळची उंच खेळाडू, म्हणून खेळलेय. पाच फूट अकरा. आमच्या वेळी मुलीला या उंचीचा उपयोग फक्त कोर्टवर होता, बाकी सगळीकडे त्रासच. गुडघ्याचं लिगामेंट गेलं तोवर खेळाडू कोट्यातून नोकरी लागली होती, म्हणून निभावलं. आता संध्याकाळी मैदानावर मुलांना शिकवते. त्यामुळे उंच पोरांच्या बाबतीत लोक किती पटकन "संपला" म्हणून मोकळे होतात, ते मला चांगलं माहीत आहे.

सिम टोरांटोचा, आईवडील पंजाबातून कॅनडात गेलेले. शाळेसाठी अमेरिकेत आला आणि मग न्यू मेक्सिको स्टेटमध्ये दाखल झाला. हे कॉलेज लास क्रुसेस नावाच्या गावात आहे. तिथे पहिला मोसम पात्रतेच्या प्रश्नामुळे बाहेर बसून काढला. पुढचे दोन मोसम मात्र जबरदस्त. सामन्यामागे साधारण दहा गुण आणि दुसऱ्या मोसमात तीनहून जास्त ब्लॉक, म्हणजे समोरच्याचे हवेत अडवलेले शॉट. २०१३ आणि २०१४, दोन्ही वर्षी त्यांच्या कॉन्फरन्सची, म्हणजे कॉलेजांच्या गटाची, स्पर्धा कॉलेजने जिंकली आणि दोन्ही वेळा स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू सिमच ठरला. मग तो दोन मोसमांवर कॉलेज सोडून २०१४च्या ड्राफ्टला उतरला. ड्राफ्ट म्हणजे एनबीएचे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम. साठ नावं पुकारली गेली, त्यात त्याचं नव्हतं.

इथे थोडा हिशेब करा. डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेज खेळाच्या सर्वांत वरच्या श्रेणीत, तेव्हा साडेतीनशेच्या आसपास कॉलेजं होती आणि प्रत्येकाला तेरा शिष्यवृत्त्या, म्हणजे साडेचार हजार मुलं. त्यांच्यासमोर साठ जागा, आणि त्यातल्या काही परदेशातून थेट येणारे घेऊन जातात. ड्राफ्टमध्ये नाव न येणं हेच तिथलं नेहमीचं आहे. बहुतेक सगळ्या चांगल्या खेळाडूंच्या बाबतीत तेच होतं.

त्या उन्हाळ्यात एनबीएतल्या सॅक्रामेंटो किंग्ज या संघाने त्याला करारबद्ध केलं. किंग्जचे मालक विवेक रणदिवे, आपल्या मुंबईत जन्मलेले आणि वाढलेले. त्यामुळे "मालकाने आपला माणूस म्हणून घेतला" हे तेव्हाही बोललं गेलं आणि तुमच्याही घरात कुणीतरी म्हणेल. दार उघडायला त्याचा हातभार लागला असेल, नाही म्हणत नाही. पण मोसम सुरू व्हायच्या आत किंग्जने त्याला सोडलं आणि तो रीनोला गेला. तिथे किंग्जचा डी-लीगमधला, म्हणजे एनबीएच्या खालच्या लीगमधला, संघ होता, रीनो बिगहॉर्न्स. आणि तिथे त्याची खरी परीक्षा झाली.

रीनोचे कोच डेव्हिड आर्सेनो ज्युनियर त्या वर्षी पळापळीचा खेळ खेळवत होते. दिसला चान्स की शॉट, समोरच्यावर संपूर्ण कोर्टभर दाब, आणि दर थोड्या वेळाने पाचच्या पाच खेळाडू बदलायचे. संघाचे सामन्यामागे सरासरी १४०च्या आसपास गुण होत. आता विचार करा, दीडशे किलोंहून जास्त वजनाचा सेंटर अशा संघात! एका रिंगखालून दुसऱ्या रिंगखाली धावायचं, पोहोचायच्या आत चेंडू उलटा फिरलेला. ज्याने सेंटर खेळलंय त्याच्या पोटऱ्या हे वाचूनच भरून येतील. त्याने वजन उतरवलं, तो टिकला आणि दुहेरी आकड्यात गुण करत राहिला. पैसे किती? तेव्हा डी-लीगमध्ये वरच्या श्रेणीलाही अख्ख्या मोसमाचे २५ हजार डॉलरच्या आसपास मिळत.

२ एप्रिल २०१५ला किंग्जने त्याला दहा दिवसांचा करार दिला. हा प्रकार आपल्याकडे फारसा माहीत नसतो. मोसमाच्या उत्तरार्धात संघ एखाद्या खेळाडूला दहा दिवसांसाठी घेऊ शकतो. फार तर दोनदा. त्यानंतर ठेवायचा तर उरलेल्या मोसमासाठी ठेवावा लागतो. नवख्याला त्या दहा दिवसांचे तेव्हा जवळपास ३० हजार डॉलर मिळत, म्हणजे डी-लीगच्या पूर्ण मोसमापेक्षा जास्त.

७ एप्रिलच्या रात्री, आपल्याकडे बुधवारची सकाळ, मी ऑफिसात फोन ड्रॉवरमध्ये उघडा ठेवून मिनेसोटाविरुद्धचा सामना बघत होते. चित्र सारखं अडकत होतं. सामना किंग्जच्या हातात आला होता, घड्याळावर सोळा सेकंद उरले होते, आणि कोच जॉर्ज कार्ल यांनी त्याला उठवलं. टेबलाजवळ तो उभा राहिला तेव्हा शेजारची माणसं शाळकरी पोरांसारखी दिसत होती. कोर्टवर गेला, चेंडू घेऊन त्याला फारसं काही करायची वेळच आली नाही, भोंगा वाजला. एनबीएत खेळलेला भारतीय वंशाचा तो पहिला खेळाडू. माझे डोळे भरले होते, आणि समोरच्या टेबलावरच्या बाईंना वाटलं घरून काही वाईट बातमी आली.

दुसऱ्या दिवशी युटाविरुद्ध त्याने बास्केट केली. एकूण तीन सामने, दोन गुण. पुढचा करार झाला नाही.

का झाला नाही, हे भाच्याने नीट समजून घ्यावं असं मला फार वाटतं, कारण त्याच्यासाठी खरा धडा त्यात आहे. एनबीएत २००१पासून बचावाचा तीन सेकंदांचा नियम आहे. तुमचा स्वतःचा माणूस जवळ नसेल तर सेंटरला रिंगसमोरच्या रंगीत पट्ट्यात तीन सेकंदांपेक्षा जास्त उभं राहता येत नाही. कॉलेजात हा नियम नाही, फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, सामन्यांतही नाही. म्हणजे कॉलेजात सात फूट पाच इंचांचा माणूस रिंगखाली झाडासारखा उभा राहू शकतो आणि लेअपला, म्हणजे अगदी रिंगजवळून चेंडू टाकायला, आलेल्या प्रत्येकाला विचार करायला लावतो. एनबीएत त्याला सतत बाहेर यावं लागतं. त्यात नेमकं २०१५ हे वर्ष! गोल्डन स्टेट लांबून तीन गुणांचे शॉट मारून अजिंक्य झालं ते हेच वर्ष. समोरचे सेंटरला मुद्दाम बाहेर ओढायचे, पिक लावायचे (म्हणजे वाटेत उभं राहून त्याला अडवायचे) आणि छोट्या चपळ गार्डला त्याच्यासमोर उभं करायचे. सिममध्ये कौशल्य कमी नव्हतं, हात फार मऊ होते त्याचे, पासही सुरेख द्यायचा. त्याच्या शरीराला जो खेळ मानवतो तो खेळ एनबीएत उरला नव्हता.

पण आशियात होता. एक मोसम टोरांटोच्या डी-लीग संघाकडून, म्हणजे रॅप्टर्स ९०५कडून खेळून तो तैवानला गेला. डासिन टायगर्स, मग युलॉन, मधे चीनमध्ये ग्वांग्शी, पुढे शिन्चूचे लायनियर्स. तिकडच्या लीगमध्ये परदेशी खेळाडूंच्या जागा मोजक्या असतात आणि स्थानिक संघाला जे मिळत नाही त्यासाठीच त्या वापरतात. ते म्हणजे बहुतेक वेळा उंच सेंटर. तिथे त्याने गुण, रिबाउंड आणि ब्लॉकचा पाऊस पाडला. अशा करारात बहुधा राहण्याची सोय आणि विमानाचं तिकीट संघाकडून असतं. दुसरी बाजूही सांगते. दुखापत झाली किंवा चार सामने वाईट गेले, तर परदेशी खेळाडूला घरी पाठवायला वेळ लागत नाही. भाषा कळत नाही, जेवण वेगळं, सण एकट्याने. ही नोकरी कष्टाची आहे. पण नोकरी आहे, आणि जे काम तो पोरवयापासून शिकला तेच काम आहे.

म्हणून मामांना सांगा की सोळा सेकंदांवरून त्या माणसाचं मोजमाप करू नका.

आता भाच्याचं. सहा फूट आठ ही उंची आपल्याकडे सेंटरची असली तरी अमेरिकेत ती फॉरवर्डची, म्हणजे सेंटरपेक्षा बाहेर आणि जास्त फिरून खेळणाऱ्याची, आहे. त्याला बाहेरून शॉट आणि दोन्ही हातांनी ड्रिबल लागेलच. कॉलेज कुठल्या डिव्हिजनचं आहे ते आधी विचारा, कारण डिव्हिजन थ्रीमध्ये खेळाची शिष्यवृत्ती नसतेच. मिळाली तर किती वर्षांची, दुखापत झाली तर चालू राहते का, हे लेखी घ्या. कोच बदलले तर काय, हेही विचारा. डिव्हिजन वनसाठी शाळेतले ठरावीक सोळा विषय पूर्ण लागतात, ते दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांतून आत्ताच जुळवून बघा. जुलै २०२१पासून तिथल्या खेळाडूंना जाहिरातींतून पैसे घेता येतात हे तुम्ही वाचलं असेल, पण विद्यार्थी व्हिसावर काम करायला बंधनं आहेत, त्यामुळे त्या पैशांवर बजेट बांधू नका. आणि पदवीचा विषय त्याच्या आवडीचा हवा. सरावाच्या वेळापत्रकात बसतो म्हणून कुठलाही चिकटवू देऊ नका. माझ्या गुडघ्याने मला एका दिवसात कोर्टच्या बाहेर काढलं होतं, म्हणून इतकं ठासून सांगतेय.

एक काम करा. त्याचा एक संपूर्ण सामना, चारही क्वार्टर, न कापता रेकॉर्ड करा. निवडक बास्केटांची क्लिप नको. उंची अनवाणी मोजा, हातांचा विस्तारही मोजा. चेंडू हातात नसताना तो काय करतो हे मला बघायचंय, मग तुमच्याशी खरं बोलता येईल.