कोरोनात वडिलांसाठी रेमडेसिविर मिळालं नाही, ते गेले. डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन आम्हाला इंजेक्शन शोधायला पिटाळणं नैतिक होतं का?

माझ्या मते नाही.

तालुक्याच्या गावी माझं मेडिकल आहे. एप्रिल 2021 मध्ये अशा चिठ्ठ्या घेऊन माणसं दिवसभर काउंटरवर यायची. 'इंज. रेमडेसिविर, 6 व्हायल', खाली सही. सोबत आधारची झेरॉक्स, पॉझिटिव्ह रिपोर्ट आणि तोंडावर एचआरसीटीचा (छातीच्या सीटी स्कॅनचा) स्कोर. पेशंट ऑक्सिजनवर आहे का, त्रास सुरू होऊन किती दिवस झाले, हे विचारलं की बरेच जण गप्प. खरं तर इंजेक्शन द्यायचं की नाही, हे याच दोन गोष्टींवर ठरायचं.

तोवर रेमडेसिविरच्या पेशंटवरच्या चाचण्यांचे निकाल आले होते. अमेरिकेतल्या चाचणीत बरं व्हायला लागणारे दिवस साधारण 15 वरून 10 वर आले, पण मृत्यू नक्की कमी झाले असं म्हणता येईना. जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीतही जीव वाचल्याचं दिसलं नाही, आणि नोव्हेंबर 2020 मध्ये तिने दाखल पेशंटना ते न देण्याचा सल्ला दिला. उलट, ऑक्सिजनवरच्या पेशंटचे मृत्यू डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने कमी होतात हे जून 2020 मध्येच कळलं होतं. किरकोळ किमतीचं औषध, माझ्याकडे कायम असायचं. त्यासाठी कुणी हातापाया पडलं नाही.

डॉक्टरांचीही कोंडी होती, हे मान्य. लिहिलं नाही तर 'काहीच करत नाहीत' म्हणून नातेवाईक अंगावर यायचे. (बऱ्या झालेल्या पेशंटच्या रक्तातून काढून देत त्या प्लाझ्माचंही तेच. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्याच चाचणीत 2020 मध्ये फायदा दिसला नव्हता, तरी मे 2021 पर्यंत तो कोरोना उपचारांच्या सरकारी नियमावलीत होता.) खात्री नसताना औषध लिहिलं, याला मी गुन्हा म्हणणार नाही. पण "मिळालं तर देऊ, नाही मिळालं तरी मुख्य उपचार चालूच आहेत" एवढं सांगायला किती वेळ लागतो? ते न सांगता नुसती चिठ्ठी दिली, की जीव वाचवायची जबाबदारी पोरावर येते. मग ज्याचा वशिला त्याला व्हायल, बाकीच्यांना काळाबाजार. पुढे कलेक्टर ऑफिसमार्फत साठा थेट हॉस्पिटलांना जाऊ लागला, तरी माझ्याकडे चिठ्ठ्या येतच होत्या.

तुमच्या वडिलांचं काय झालं असतं, हे फाइल पाहिलेला डॉक्टरही छातीठोकपणे सांगणार नाही. पण सहा व्हायल मिळाल्या असत्या तर ते वाचलेच असते, असं म्हणायला त्या चाचण्यांत काही आधार नाही.