बार्जचा तळ रंगवायचाय, पण पूर्ण ब्लास्टिंग परवडत नाही. कमी खर्चात तयारी कशी करावी?

तुमची पन्नास मीटरची जुनी लोखंडी बार्ज, पाण्याखालचा भाग पुन्हा रंगवायचाय, यार्डाने अख्ख्या तळाच्या ग्रिट ब्लास्टिंगचं, म्हणजे हवेच्या जोराने खरखरीत कण (ग्रिट) मारून गंज उडवायचं, कोटेशन दिलं ते बघून घाम फुटला, आणि आता वायर ब्रशवर भागेल का म्हणून विचारताय.

नाही भागणार. पण अख्खं ब्लास्टिंगही बहुधा लागणार नाही. आणि तुमच्या एवढ्या लांब प्रश्नात एका गोष्टीचं नावच नाही, ती म्हणजे पत्र्यावरचं मीठ धुऊन काढणारं गोडं पाणी. खरं सांगायचं तर मी त्या पाण्यासाठीच लिहायला बसलोय. या पाण्यावरून माझं आणि माझ्या चुलत भावाचं, म्हणजे दादाचं, गेली पंधरा वर्षं वाजतंय.

मी वेंगुर्ल्याकडचा. सगळी नोकरी रंगाच्या कामात गेली, आधी मुंबईत, मग आखातात, शेवटची काही वर्षं गोव्यात. दादाने 2010 च्या आधी दोघा भागीदारांबरोबर खनिज वाहणारी एक जुनी बार्ज घेतली होती. तेव्हा गोव्यात खाणी जोरात होत्या, मांडवी आणि झुआरीतून एकामागोमाग एक बार्ज मुरगाव बंदराकडे जायची. पावसाळ्यात बंदराबाहेरचं काम थंडावतं, म्हणून सगळे मालक तेव्हाच बार्ज वर काढतात. म्हणजे रंगाच्या दृष्टीने वर्षातले सगळ्यात वाईट महिने तेच आमचे कामाचे महिने. आर्द्रता 85 टक्क्यांच्या वर गेली की रंग लावायचा नाही आणि पोलादाचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान 3 अंश वर हवं, हे तुम्हाला ठाऊक असेलच. आता हे दोन्ही आकडे जुलैत झुआरीच्या काठावर जुळवून दाखवा.

अशाच एका पावसाळ्यात दादाची बार्ज स्लिपवेवर, म्हणजे बोटी वर ओढून घ्यायच्या उतारावर, चढली आणि घरचा माणूस म्हणून तळाचं काम माझ्याकडे आलं. घरच्या माणसाकडे काम देणं आणि घरच्या माणसाचं काम घेणं, दोन्ही टाळावं. पण ते असो.

बार्ज पाण्याबाहेर आली त्याच दिवशी मी पोरांना शेवाळ आणि शिंपल्या खरवडायला लावलं. ओल्या असतानाच निघतात, दोन दिवस वाऱ्यावर राहिल्या की सिमेंट होतं त्यांचं. मग म्हटलं, आता सगळा तळ गोड्या पाण्याने प्रेशर पंप लावून धुवायचा आणि मगच ग्रिटला हात लावायचा. दादा छत्री घेऊन उभा होता. म्हणाला, "वरसून देव पाणी ओतता हा, आणि तुका पंप होयो?"

हे वाक्य तुम्हालाही कुणीतरी ऐकवणार, म्हणून उत्तर आत्ताच देतो. पाऊस डेकवर पडतो. फार तर बाजूच्या उभ्या पत्र्यावरून ओघळतो. बार्जचा तळ सपाट, ब्लॉकवर बसलेला, त्याला पाऊस दिसतच नाही. आणि मीठ पत्र्याच्या वर पसरलेलं नसतं, ते गंजाच्या खड्ड्यांत तळाशी जाऊन बसलेलं असतं. तिथून त्याला उचकटायला जोर लागतो, नुसतं भिजून ते बाहेर येत नाही.

पाणी विकतही घ्यायचं नव्हतं. यार्डात पत्र्याची मोठी शेड होती, तिच्या पन्हळीखाली मी पिंपं लावली होती. (किनाऱ्यावर पहिल्या सरींचं पाणी घेऊ नका, उन्हाळाभर छपरावर साचलेलं मीठ त्यात येतं. जुलैपर्यंत छप्पर धुऊन निघालेलं असतं.) पंप भाड्याचा, साधा दोनशे बारचा. दीड दिवसात डावी बाजू आणि तळाचा डावा अर्धा भाग धुऊन झाला. सुरुवातीला खालून वाहणारं पाणी तांबूस होतं, मग पिवळट, मग स्वच्छ. मी कंडक्टिव्हिटी मीटर (पाण्यातल्या मिठाचा अंदाज देतो तो) लावून बघत होतो आणि दादा मीटरकडे असा बघत होता जणू मी ताप मोजतोय.

आणि तिसऱ्या दिवशी सकाळी उघडीप पडली. ऊन, वारा, आकाश धुऊन काढलेलं. आर्द्रता दुपारी खाली येणार हे उघड होतं. नारळी पौर्णिमेच्या उधाणाच्या भरतीला बार्ज उतरवायची ठरलेली, ती भरती चुकली की पुढची अमावास्येला, म्हणजे पंधरवडा स्लिपवेचं भाडं भरत बसा. दादा म्हणाला, उजवी बाजू धुवायची नाही, आत्ता ब्लास्टिंगला लाव. भागीदारही आले होते, त्यांनीही तेच म्हटलं. मी नाही म्हटलं, मग परत नाही म्हटलं, मग दहा वाजता कॉम्प्रेसर सुरू करायला सांगितलं. काम माझ्या नावावर होतं. म्हणून ही चूक दादाची नाही, माझी. हे त्याला मी अजून बोलून दाखवलेलं नाही.

संध्याकाळी दोन्ही बाजू सारख्या दिसत होत्या, करड्या, रुपेरी. तक्त्यातल्या फोटोशी लावून बघितल्या तर दोन्ही एसए अडीच, म्हणजे ब्लास्टिंगने जवळजवळ पूर्ण साफ. दुसऱ्या दिवशी सकाळी टॉर्च घेऊन खाली गेलो. डावीकडे पत्रा जरा मंद पडला होता, एकसारखा. उजवीकडे प्रत्येक खड्ड्यात मोहरीच्या दाण्याएवढा काळा ठिपका. वळणावर, जिथे बाजू तळाला मिळते, तिथे तर मोहरी सांडावी तसे. पोलाद स्वच्छ असेल तर एका रात्रीत असं होत नाही. मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून ते खड्ड्यातच काळं पडतं. ग्रिटने गंज उडवला होता आणि मीठ खड्ड्यात ठोकून बसवलं होतं. दादा म्हणाला, दव पडलंय. मी परत ब्रश मारून घेतला आणि दुपारी प्रायमर चढवला.

पुढच्या पावसाळ्यात पंख्याच्या शाफ्टची गळती काढायला बार्ज परत वर घेतली. डावी बाजू ठीक. कुठे ओरखडे, कुठे नांगराच्या साखळीने खाल्लेलं, पण रंग घट्ट. उजवीकडे वॉटरलाइनच्या खाली फोड. काही वाटाण्याएवढे, काही रुपयाएवढे. मी चाकूच्या टोकाने एक फोडला, आतून पाणी मनगटावर ओघळलं. जिभेला लावून बघितलं. खारट. दादा समोरच होता, त्यालाही म्हटलं बघ. तो म्हणाला, "समुद्रात फिरणारी बार्ज, पाणी काय गोडा असतला?"

तेव्हापासून त्याचं म्हणणं असं की भरायला नेहमी उजवी बाजू जेट्टीला लागायची, जेट्टीजवळ गाळ साचलाय, ओहोटीला बार्ज त्या बाजूने गाळात टेकायची, म्हणून रंग गेला. माझं म्हणणं असं की गाळात घासून रंग खरवडला जातो, त्याला पाणी भरलेले फोड येत नाहीत. असे फोड बहुधा आत मीठ असलं की येतात, मीठ रंगाच्या पापुद्र्यातून पाणी आत ओढतं. त्याचं परत म्हणणं, मग खरवडलेल्या जागेतून आत गेलं असेल. हा वाद मिटायचा तर आणखी एक वर्ष बार्ज बघायला हवी होती. पण 2012 च्या सप्टेंबरात गोव्यातल्या खाणी बंद झाल्या, बार्ज नदीत नांगरून पडली आणि शेवटी भंगारात गेली. पुरावा गॅसकटरने कापून नेला. तरी दर चतुर्थीला आरती झाली की विषय निघतोच.

आता तुमच्या पैशांचं. पन्नास मीटरच्या बार्जचा तळ आणि बाजू धरून पाण्याखालचं क्षेत्र साधारण आठशे चौरस मीटर धरू. एसए अडीचला कॉपर स्लॅग (तांबं गाळल्यावर उरणाऱ्या मळीचं ग्रिट) चौरस मीटरला तीस ते चाळीस किलो जातं. म्हणजे अठ्ठावीस टनांच्या आसपास ग्रिट. ते आणायचं, मारायचं, रंग मिसळलेलं ते परत गोळा करायचं आणि नीट विल्हेवाट लावायची. कोटेशन तिथे फुगतं. पण धुऊन झाल्यावर खडूने आखून बघा. चाकूने फुली मारायची, टोकाने उचकटायचं. जो रंग उचलत नाही तो चांगला, त्याला कशाला मारताय? खरोखर गंजलेला भाग वीस टक्के निघाला तर एकशे साठ चौरस मीटर, म्हणजे सहा टनांच्या आसपासच ग्रिट. चांगल्या रंगावर हलकं स्वीप, म्हणजे ग्रिटचा वरवरचा फवारा, पुरे, आणि ब्लास्ट केलेल्या तुकड्याच्या कडा पॉलिश पेपरने उतरत्या करा. कडा उभी राहिली की पुढच्या वर्षी तिथूनच सोलतं. ब्लॉकखालची जागा विसरू नका, ब्लॉक हलवायला सांगावं लागतं, यार्ड आपणहून हलवत नाही.

ज्या भागात ब्लास्ट केलंय तिथे मिठाची तपासणी करून घ्या. चिकटपट्टीसारखा पॅच येतो, आत शुद्ध पाणी सोडायचं, ओढायचं, मीटरला लावायचं. बॅलास्ट टाक्यांसाठी (जहाजाचा तोल राखायला पाणी भरतात त्या) आयएमओने, म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने, चौरस मीटरला 50 मिलिग्रॅमची मर्यादा घातलीय, तळासाठी तुमच्या रंगाच्या डेटाशीटमधला आकडा धरा. जास्त आलं तर परत धुवा आणि परत हलकं स्वीप मारा. कंटाळवाणं आहे, पण सहा टनांच्या कामात परवडतं, अठ्ठावीस टनांच्या नाही. धुण्याआधी तेलाचे डाग डिटर्जंटने काढा, नाहीतर ग्रिट तेच तेल सगळीकडे फासतं.

वायर ब्रशबद्दल. ग्राइंडरला लावायचा तो वाटीचा ब्रश गंज काढत नाही, गंजाला पॉलिश करतो. चकचकीत तपकिरी पत्रा बघून मालक खूश होतो आणि रंग त्याला धरत नाही. हात पोचत नाही अशा कोपऱ्यात डिस्क वापरा, एसटी 3 पर्यंत, म्हणजे घासून उघड्या धातूची चमक दिसेपर्यंत, न्या आणि वर सरफेस टॉलरंट इपॉक्सी (कमी तयारीवरही चालणारा प्रायमर) लावा. अख्ख्या तळाला हा मार्ग घेऊ नका. असा प्रायमर असताना तयारीची काय गरज म्हणून कुणी सांगेल. टॉलरंट म्हणजे थोडा गंज सोसतो, मीठ सोसत नाही.

हायड्रोब्लास्टिंग, म्हणजे दोन हजार बारच्या वरचं पाणी, मला विचाराल तर सगळ्यात उत्तम, कारण गंज आणि मीठ एकदम जातं आणि धूळ नाही. पण त्याने पत्र्याला नवा खरखरीतपणा येत नाही, फक्त जुना मोकळा होतो. एका बार्जसाठी ती मशीन मागवणं परवडणार नाही. यार्डात आधीच दुसऱ्या जहाजासाठी आलेली असेल तर चिकटून घ्या.

आणि नदीतली वाळू मारून देतो म्हणणारा कुणी भेटला तर हाकलून द्या. पैसे वाचतात हे खरं, पण त्या धुळीने माणसांची फुप्फुसं दगड होतात. आखातात माझ्याबरोबरचा एक ब्लास्टर चाळिशीत दोन पायऱ्या चढून बसायचा.

आता ज्या गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या त्या. माझ्यासारखं जीभ लावून बघू नका, अँटिफाउलिंगमध्ये, म्हणजे शेवाळ-शिंपल्या धरू नयेत म्हणून लावायच्या रंगात, तांबं आणि इतर विषं असतात. तुमचा जुना रंग किती वर्षांचा आहे ते शोधा. टीबीटी (कथिलाचं विषारी संयुग) वाल्या रंगांवरची आंतरराष्ट्रीय बंदी 2008 मध्ये लागू झाली, त्याआधीचे थर खाली असतील तर काय करायचं ते रंगकंपनीला लेखी विचारा, वाट्टेल तिथे उडवू नका. आणि पत्रा जिथे खूप पातळ झालाय तिथे धुणं-घासणं सगळं फुकट, आधी जाडी मोजून घ्या. सर्व्हेअर सांगेलच, पण रंग लावून झाल्यावर सांगेल.

एक मागणं आहे. तुमची बार्ज भरायला कुठल्या बाजूने जेट्टीला लागते ते बघा. त्याच्या विरुद्ध बाजूला, वळणावर, जिथे गंज जास्त असेल तिथे चौरस मीटरभर जागा न धुता तशीच ब्लास्ट करून रंगवा. बाकी सगळं नीट धुवा. वर्षाने बार्ज वर काढाल तेव्हा त्या तुकड्याचा एक फोटो पाठवा, बाजूला काय ते खडूने लिहून. चतुर्थीच्या आधी आला तर बरं.