गिअरबॉक्स बिघडलेली गाडी: दुरुस्त करू की विकू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गाडी नऊ वर्षांची, ऑटोमॅटिक, १,१०,००० किलोमीटर चाललेली. ‘डी’मध्ये (पुढे जायच्या गिअरमध्ये) टाकली की दोन-तीन सेकंद नुसती उभी राहते, मग धक्का देऊन निघते. अधूनमधून डॅशबोर्डवर दिवा लागतो. गॅरेजने अख्खा गिअरबॉक्स बदलायचा जो खर्च सांगितलाय, तो तुमच्या दोन पगारांएवढा आहे. आहे त्या अवस्थेत एक गिऱ्हाईक अडीच पगार द्यायला तयार आहे. गाडी धडधाकट असती तर पाच आले असते. नवी गाडी वीस पगारांना पडते, हाताशी बचत चार पगारांची आहे, जुन्या गाडीचं कर्ज फिटलंय. सगळे आकडे तुम्ही पगारांतच कळवलेत, ते सोयीचं झालं. उत्तरही त्याच मापात देते.

माझा कल गाडी ठेवण्याकडे आहे. पण गॅरेजने दिलेल्या त्या एका आकड्यावर विसंबून नाही.

तुमच्या भावाने सांगितलेला ठोकताळा, ‘दुरुस्ती गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर गेली की गाडी काढून टाकावी’, मीही पुष्कळदा ऐकलाय. त्या हिशोबाने अडीचच्या गाडीवर दोन घालणं वेडेपणाच ठरतो. अडचण एवढीच की विकल्यानंतर तुम्ही कशातून फिरणार आणि त्याला किती पडणार, हे हा ठोकताळा विचारतच नाही. तुम्हाला गाडी रोज लागते. म्हणून तुलना दुरुस्तीची आणि गाडीच्या किमतीची करायची नाही. दोन्ही वाटांनी पुढची तीन वर्षं महिन्याला किती खर्च येईल, त्याची करायची.

ठेवली तर काय होतं ते पाहू. आज मिळणारे अडीच पगार सोडले आणि दोन दुरुस्तीला घातले, म्हणजे साडेचार गुंतले. तीन वर्षांनी तीच गाडी अडीचला गेली असं धरू. नुकसान दोनचं. जुनी गाडी म्हणून देखभालीला वर्षाला अर्धा पगार, म्हणजे आणखी दीड. एकूण साडेतीन पगार, ३६ महिन्यांत. महिन्याला पगाराचा साधारण दहावा हिस्सा.

आता नवी घेऊन पाहू. जुनीचे अडीच आणि बचतीतले अडीच घालून उरलेल्या १५ पगारांचं कर्ज, १० टक्के व्याजाने, पाच वर्षांसाठी. हप्ता पगाराच्या ३२ टक्के. पहिल्या तीन वर्षांत व्याजच जवळजवळ साडेतीन पगार जातं. गाडीची किंमत वीसवरून बारावर आली असं धरलं, तर तिथले आठ. मिळून साडेअकरा पगारांच्या आतबाहेर, म्हणजे महिन्याला पगाराचा जवळपास तिसरा हिस्सा. इंधन आणि विमा दोन्हीकडून वगळलाय. नव्या गाडीचा विमा सहसा महाग असतो, त्यामुळे तो धरला तर हे अंतर वाढेलच.

वाईटात वाईट काय होईल, तेही मोजलं. समजा दुरुस्तीनंतर दीड वर्षाने गिअरबॉक्सने पुन्हा मान टाकली आणि गाडी दीड पगाराला फुंकावी लागली. तरी तेवढ्या काळाचा खर्च महिन्याला पगाराच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास जातो. नवीपेक्षा तरीही कमी. दहा पगारांची, तीन-चार वर्षं वापरलेली गाडी घेतलीत तर हिशोब साधारण सहाव्या हिश्शावर येतो, वर देखभाल वेगळी. ही वाट वाईट नाही, पण त्या गाडीचा पूर्वेतिहास तुम्हाला माहीत नसणार. आपल्या गाडीचा तरी माहीत आहे.

गेल्या वर्षी टायर आणि सस्पेन्शनवर केलेला खर्च मात्र मधे आणू नका. ‘एवढे पैसे घातलेत, आता कशी विकू’ हा युक्तिवाद खोटा आहे. ते पैसे दोन्ही वाटांनी गेलेलेच. त्यातून खरा फायदा एवढाच की ती कामं इतक्यात पुन्हा निघणार नाहीत.

आता त्या दोन पगारांच्या आकड्याकडे. ‘दिवा लागतो, धक्का देते, म्हणून गिअरबॉक्स बदला’ याला निदान म्हणत नाहीत. स्कॅनरवर (गाडीतल्या बिघाडांच्या नोंदी वाचणाऱ्या यंत्रावर) नुसता पी०७०० हा कोड आला असेल, तर गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटने काहीतरी बिघाड नोंदवलाय, एवढाच त्याचा अर्थ. नेमका कोड त्या युनिटमध्ये वेगळा वाचावा लागतो. तो छापून मागा. शिवाय तुमच्या गाडीत कुठल्या जातीचा ऑटोमॅटिक आहे ते विचारा, कारण खर्चाचं गणित त्यावर फिरतं. एएमटी असेल तर आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो आणि दोष बहुधा क्लचचा किंवा ॲक्चुएटरचा (क्लच-गिअर हलवणाऱ्या यंत्रणेचा) निघतो. टॉर्क कन्व्हर्टरवाला (इंजिनची ताकद ऑइलमधून पोचवणारा) असेल तर सोलेनॉइड (विजेवर चालणारी झडप) किंवा व्हॉल्व्ह बॉडी (ऑइल वळवणारा झडपांचा ठोकळा) यांवर काम भागू शकतं. ड्युअल क्लचमध्ये (दोन क्लच आळीपाळीने वापरणाऱ्या प्रकारात) क्लच पॅक आणि मेकाट्रॉनिक युनिट (गिअर बदलवणारा नियंत्रक भाग) सुटं बदलता येतं. सीव्हीटीचा (ठरावीक गिअरऐवजी पट्टा-पुलीवर चालणाऱ्या प्रकाराचा) पट्टा आणि पुली झिजल्या असतील तर मात्र बहुतेकदा अख्खं युनिटच बदलायला सांगतात.

ऑइलच्या दाबावर चालणारा गिअरबॉक्स असेल तर ऑइलची पातळी आणि गळती आधी पाहायला लावा. ऑइल कमी असलं तरी गिअर उशिरा धरतो. ते काळपट आणि जळकं वासाचं झालंय का, आणि पॅनमधल्या चुंबकावर काय चिकटलंय, हेही बघा. बारीक करडी पूड वयानुसार येतेच. चकचकीत धातूचे तुकडे दिसले तर आत काहीतरी तुटतंय. झिजलेलं इंजिन माउंटिंग (इंजिनखालचे रबरी आधार) आणि मरायला टेकलेली बॅटरी यांच्यामुळेही धक्के आणि भलतेच कोड येतात, आणि हे दोन्ही स्वस्तात तपासून होतं. दुसऱ्या गॅरेजची तपासणी-फी द्यायला कुरकुर करू नका. या सगळ्या व्यवहारात सर्वांत वसूल होणारा पैसा तोच. तोवर गाडी जमेल तितकी कमी चालवा. आरपीएम चढतोय पण वेग वाढत नाही असं होऊ लागलं तर अजिबात नको, कारण आतलं घसरून जी उष्णता होते, तिच्यात शाबूत भागही जातात.

बदलायचाच ठरला, तर वॉरंटी लेखी हवी: किती महिने, किती किलोमीटर, मजुरीसकट की नुसत्या भागांची. ऑइल कूलर आणि त्याच्या नळ्या साफ करणं किंवा बदलणं त्या कामात आहे का, हे स्पष्ट विचारा. जुन्या बॉक्सचा कचरा तिथे राहिला तर नव्यालाही तो खातो.

पैसे बचतीतून द्या, कर्जाने नको. चारचे दोन उरतील, थोडं अंगावर येईल. पण नव्या गाडीचा जो हप्ता सुरू होणार होता, तेवढी रक्कम दर महिन्याला वेगळी टाकलीत तर साधारण सहा-सात महिन्यांत खड्डा भरतो. तशीच पुढेही टाकत राहिलात तर पुढची गाडी घेताना कर्ज बरंच लहान लागेल.

विकायची वेळ आलीच तर कोड पुसून गपचूप विकण्याचा भावाचा सल्ला ऐकू नका. जाणकार गिऱ्हाईक थंड गाडी चालवून पाहतो आणि स्वतःचा स्कॅनर लावतो. सापडलात तर सौदा मोडेल, नंतर सापडलात तर वाद उभा राहील. निव्वळ चांगल्या भावासाठी दुरुस्त करून विकण्यातही अर्थ नाही. दोन घालून अडीच वाढतात. त्या अर्ध्या पगारासाठी जोखीम तुमच्या डोक्यावर. एक्स्चेंजला देताना शोरूमने जुनीची किंमत फुगवून सांगितली, तर नवीवरची सूट तेवढीच घटलीय का ते बघा. शेवटी हातून जाणारी निव्वळ रक्कम मोजा.

दुरुस्तीच्या खर्चाला माझी मर्यादा तीन पगारांची. हिशोब त्याहून पुढेही ताणता येतो, पण मग बचतीत एकच पगार उरतो आणि तेवढ्यावर मी कुणालाही निर्धास्त राहू देणार नाही. खर्च तीनच्या वर गेला, किंवा तपासणीत इंजिनचंही मोठं काम निघालं, तर आहे तशी, सगळं सांगून विका आणि वापरलेली गाडी शोधा. बॉक्स उघडण्याआधी गॅरेजशी दोन गोष्टी लिहून ठरवा: आकडा वाढला तर तुम्हाला विचारल्याशिवाय पुढे काम होणार नाही, आणि तुम्ही नाही म्हणालात तर उघडण्या-जोडण्याचे किती द्यावे लागतील.